समासातली केशरी शाई : पायलटची ‘युयाके’ दोन महिने वापरून पाहिल्यावर

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आठवड्यातून दोन संध्याकाळी मी मोडी वाचायला शिकवते आणि उरलेल्या वेळात बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतून निघालेल्या कागदांची बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, नक्कल करून देते. हे काम एका शाईत भागत नाही. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि लिहिणाऱ्या कारकुनाचा हात घाईत असेल तर एकेका ओळीत तीन-तीन ठिकाणी अडायला होते. तेव्हा ज्या अक्षरांची खात्री आहे ती काळ्या शाईने आणि ज्यांची नाही ती दुसऱ्या रंगाने, अशी सोय पहिल्यापासून ठेवावी लागते. हा दुसरा रंग कोणता असावा, हा प्रश्न मला कित्येक वर्षे सुटला नव्हता. पायलट कंपनीच्या ‘युयाके’ या केशरी शाईविषयी इतके सविस्तर लिहावेसे वाटते आहे, ते त्यामुळेच.

लाल शाई मी बराच काळ वापरली. कॅमलची लाल बाटली आमच्या घरात माझ्या लहानपणापासून आहे, आणि पेनातून नीट वाहण्याबाबत तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. अडचण शाईची नव्हती, रंगाची होती. लाल म्हणजे चूक, हे आपल्या मनात शाळेतच इतके पक्के बसलेले असते की वयाच्या सत्तरीतही ते निघत नाही. “बाई, तुम्ही शंका म्हणून गोल करता हे मला कळतं, पण पानावर लाल दिसलं की पोटात गोळा येतो,” असे आमच्या वर्गातले सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी, ज्यांना सगळे नानाच म्हणतात, मला एकदा म्हणाले, आणि ते मला पटले. निळी शाई काळ्याच्या शेजारी चटकन वेगळी दिसत नाही. हिरवी शाई म्हणजे कचेरीतल्या साहेबांची सही, अशी आपल्याकडे समजूत आहे. पेन्सिल पुसट होते आणि झेरॉक्समध्ये अर्धी हरवते.

आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांनी याचा विचार फार पूर्वी केलेला होता. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात, म्हणजे १९२७ साली स्थापन झालेल्या आणि पुढे वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संस्थेत, जुनी हस्तलिखिते पाहण्याचा योग मला आला, तेव्हा पोथीच्या पानावरचे तीन रंग मी प्रथमच लक्षपूर्वक पाहिले. मजकूर काजळाच्या काळ्या शाईचा. अध्यायाची समाप्ती, श्लोकांचे आकडे आणि दंड हिंगुळाच्या तांबड्या रंगात. आणि जिथे लेखकाकडून चूक झाली तिथे ती अक्षरे हरताळाच्या पिवळ्या लेपाखाली झाकलेली. ‘हरताळ फासणे’ हा आपण रोज वापरतो तो वाक्प्रचार इथूनच आला. हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज आणि हरताळ हे सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे. दोन्ही विषारी आणि दोन्ही शतकानुशतके टिकणारी. मला त्या पानांवरून एक गोष्ट जाणवली, ती अशी की तांबडा रंग तिथे चूक दाखवणारा नाही, मानाचा आहे, आणि पिवळा रंग रद्द करण्याचा आहे. माझी शंका या दोहोंच्या मधली असते: मी अक्षर मिरवतही नाही आणि खोडतही नाही, केवळ ‘इथे पुन्हा पाहा’ असे सांगते. तांबड्या-पिवळ्याच्या मधला रंग म्हणून केशरी शाई शोधावी, हे तेव्हा मनात आले.

पहिला शोध फसला. एका कंपनीची नारिंगी शाई मी मागवली. पहिले चार दिवस ती छान चालली, पण पाचव्या दिवशी टोपण काढले तर निबेच्या चिरेवर आणि कडांवर वाळलेल्या शाईचा पिवळट पापुद्रा धरलेला होता. तो पुसावा तेव्हा पेन चाले, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. नारिंगी-पिवळ्या शाईंपैकी काहींची ही खोड शाईच्या पेनांचा नाद असलेल्या मंडळींना ठाऊक असते, मला ती ठाऊक नव्हती. त्यामुळे ‘युयाके’ घेताना माझी पहिली कसोटी रंगाची नव्हती, निब स्वच्छ राहते की नाही याची होती. दोन महिन्यांत, म्हणजे संपूर्ण चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हाळ्यात, निबेवर पापुद्रा एकदाही धरला नाही, हे सर्वांत आधी नोंदवते.

आता शाईची ओळख. पायलट ही १९१८ साली सुरू झालेली जपानी कंपनी आहे, आणि तिची ‘इरोशिझुकु’ ही शाईंची मालिका २००७ पासून निघते. ‘इरो’ म्हणजे रंग आणि ‘शिझुकु’ म्हणजे थेंब. मालिकेतल्या शाईंना निसर्गातल्या दृश्यांची नावे आहेत: बांबूचे बन, मोर, रानद्राक्ष, हिवाळ्यातले पर्सिमनचे फळ. ‘युयाके’ म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी आकाशात पसरणारी लाली. मराठीत त्याला संध्याराग असा नेमका शब्द आहे, आणि मी बाटलीच्या खोक्यावर तोच लिहून ठेवला आहे. बाटली ५० मिलिलिटरची, जाड आणि जड काचेची असून तिच्या तळाशी मध्यभागी एक खळगा आहे. शाई संपत आली की उरलेली त्या खळग्यात गोळा होते, म्हणजे निब पूर्ण बुडते आणि शेवटची भरणीही वाया जात नाही. दौतीत टाक तिरका धरून तळ खरवडलेल्या माणसाला या खळग्याचे मोल सांगावे लागणार नाही.

बाटलीत ही शाई गडद विटकरी दिसते आणि त्यामुळे प्रथमदर्शनी थोडी निराशा होते. कागदावर उतरली की मात्र ती वेगळीच असते. आपल्याकडे या रंगाला पुष्कळ शब्द आहेत, म्हणून नेमकेपणाने सांगायला हवे. हा भगवा नाही, कारण भगव्यात काव मिसळल्यासारखा मंदपणा असतो. हा शेंदरीही नाही. शेंदूर अपारदर्शक असतो, त्याचा थर बसतो, आणि या शाईतून मागचा कागद सतत उजळत राहतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मांडवीच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात, त्यांत पिवळ्याच्या शेजारी जो गर्द केशरी झेंडू असतो, त्याची एक पाकळी सुटी करून पाहिली तर ती कडेला फिकट आणि देठाशी जवळपास तांबूस असते. ‘युयाके’च्या एकाच अक्षरात या दोन्ही छटा मिळतात.

ही छटा देवनागरीत कशी उमटते, याविषयी मला जरा थांबून लिहायचे आहे, कारण अशा शाईंविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक रोमन अक्षरांच्या अनुभवावर लिहिलेले असते आणि आपल्या अक्षराची गोष्ट निराळी आहे. माझ्या लॅमी सफारी या पेनाच्या जाड निबेने मी ‘कारभारी’ हा शब्द लिहिला आणि तो वाळू दिला. काना वरून खाली येतो आणि तळाशी हात क्षणभर थांबतो. तिथे शाई साचते आणि वाळल्यावर ते टोक विटेसारखे गडद होते, तर काना जिथून सुरू झाला तो भाग फिकट राहतो. मग शिरोरेघ येते, ती मी शब्द पुरा झाल्यावर एका झपाट्यात ओढते, म्हणून ती सबंध रेघ पिवळसर केशरी उमटते. मात्र ती जिथे जिथे उभ्या दांड्याला छेदते तिथे शाईवर शाई पडून एक गडद ठिपका तयार होतो. सगळा शब्द त्यामुळे बारीक दोऱ्यात मणी ओवल्यासारखा दिसतो. अनुस्वाराचा ठिपका तर सर्वांत गडद, कारण तिथे निब टेकते आणि उचलली जाते, सरकत नाही. काळ्या किंवा निळ्या शाईने मी हजारो पाने लिहिली असतील, पण माझा हात कुठे रेंगाळतो आणि कुठे धावतो हे मला या शाईने दाखवले.

मोडीत याचा उपयोग आणखी वाढतो. मोडी लिहिताना रेघ आधी, सबंध ओळभर आखली जाते आणि अक्षरे नंतर तिला लटकत जातात. हात शक्य तितका न उचलता पुढे सरकत राहतो. शिकणाऱ्याला नेमके हेच कळत नाही, की अक्षर कुठून सुरू झाले आणि कोणत्या बाजूने वळून कुठे संपले, कारण वाळलेल्या काळ्या अक्षरात आरंभ आणि अंत सारखेच काळे असतात. मी ‘युयाके’ने मोठ्या आकारात मुळाक्षरे लिहून वर्गात दिली, आणि जिथे रंग फिकट तिथून सुरुवात, जिथे गडद तिथे शेवट, एवढे एकच सूत्र सांगितले. जी वळणे मी फळ्यावर महिनाभर गिरवून दाखवत होते ती नानांनी त्या संध्याकाळी स्वतःच्या बोटाने कागदावरून फिरवून दाखवली. या एका गोष्टीसाठी मी ही शाई पुन्हा विकत घेईन.

मात्र हे सगळे जाड निबेचे वर्णन आहे. जपानी निबा युरोपीय निबांपेक्षा एक मापाने बारीक असतात, आणि पायलटच्याच बारीक निबेतून हीच शाई लिहून पाहिली तर रेघ इतकी सडपातळ होते की छटांना जागाच उरत नाही आणि केवळ एक फिकट नारिंगी धागा दिसतो. समासात लहान अक्षरांत टिपण लिहायचे तर बारीक निब हवी आणि रंग खुलायचा तर जाड निब हवी, अशी ही ओढाताण आहे. मी मध्यम निबेवर स्थिरावले आहे. मध्यम निबेत शिरोरेघेवरचे ठिपके दिसतात, अक्षरही फार मोठे होत नाही, आणि ट्यूबलाइटखाली टिपण सहज वाचता येते.

उजेडाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दिवसा खिडकीशी बसून वाचताना ही शाई पानातून उसळून वर येते, आणि ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडातही ती ठळक राहते. पण पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली तीच टिपणे कागदात मुरल्यासारखी मंद होतात, कारण त्या उजेडात पांढरा कागद स्वतःच पिवळसर झालेला असतो आणि केशरीला उठून दिसायला आधारच मिळत नाही. प्रयोग म्हणून मी एक सबंध पत्र या शाईने लिहून नानांना दिले. त्यांनी ते कौतुकाने घेतले, दोन ओळी वाचल्या आणि चष्मा काढून डोळे पुसले. “रंग गोड आहे बाई, पण पानभर नको,” एवढेच ते म्हणाले, आणि माझेही मत तेच झाले. लांब मजकुरासाठी ही शाई नाही. काळ्या मजकुराच्या बाजूला दोन शब्द, एक वर्तुळ, एक प्रश्नचिन्ह, शब्द तोडायची उभी रेघ, यासाठी मात्र याहून चांगला रंग मी अजून पाहिलेला नाही. साध्या झेरॉक्समध्ये केशरी फिकट राखाडी होऊन उतरते, म्हणजे प्रतीतही माझा मजकूर आणि माझी शंका वेगवेगळ्या ओळखू येतात.

कागदांविषयी थोडक्यात सांगते. ७५ ग्रॅमच्या नेहमीच्या झेरॉक्स कागदावर मध्यम निबेने शाई फुटत नाही, पाठीमागे किंचित सावली दिसते, आणि पाच-सहा सेकंदांत बोट फिरवता येते. गुळगुळीत, जाड कागदावर छटा सर्वांत सुंदर येतात, पण जाड निबेने लिहिल्यावर वीस सेकंद तरी थांबावे लागते, नाहीतर शिरोरेघ ओढताना तळहात आधीच्या ओळीवर घसरतो. मी टिपकागद पुन्हा वापरायला लागले आहे. स्वस्त वहीचा सैल कागद शाई पितो आणि त्यावर केशरीचे सगळे तेज जाते, त्यामुळे तिथे ही शाई वापरण्यात अर्थ नाही. हाताने केलेला कागद मी मोठ्या उत्साहाने आणला होता, पण आज बाजारात मिळणारा असा कागद बहुधा खळ न लावलेला आणि न घोटलेला असतो. जुने कागद खळ लावून दगडाने घोटत, म्हणून त्यांवर बोरूची रेघ अजूनही तीक्ष्ण दिसते. माझ्या आणलेल्या कागदावर मात्र प्रत्येक काना सुरवंटासारखा केसाळ झाला. यात दोष शाईचा नाही.

एक अपघातही सांगितला पाहिजे. माझ्याकडे हाताने घडवलेले, ड्रॉपरने सबंध नळीत शाई भरायचे जुन्या पद्धतीचे एक पेन आहे. या पेनांत शाई निम्म्याच्या खाली गेली की उरलेल्या जागेत हवा असते, आणि हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावली की शाई पुढे लोटली जाते. मे महिन्यातली दुपार, पंखा बंद, आणि मी एका घरच्या १५ पानी नक्कलीचे शेवटचे पान तपासत होते. निबेवरून एक टपोरा केशरी थेंब नेमका तारखेच्या ओळीवर पडला. काळी शाई पडली असती तर ती ओळ गेलीच असती. या शाईच्या पारदर्शकपणामुळे थेंब टिपल्यावर त्याखालची काळी अक्षरे स्पष्ट वाचता आली, आणि पान पुन्हा लिहावे लागले तरी तारीख मूळ कागदावरून पुन्हा लावावी लागली नाही. बडोद्याच्या उन्हाळ्यात अशा पेनात भडक शाई भरायची असेल तर नळी निम्म्याखाली जाऊ देऊ नये, हे तेव्हापासून मी पाळते.

पाण्यापुढे ही शाई टिकत नाही. वाळलेल्या ओळीवर मी पाण्याचा एक थेंब ठेवला आणि मिनिटाभराने टिपला. अक्षरांच्या जागी पिवळसर-गुलाबी डाग उरला आणि शब्द लावता आला तो केवळ मला तो आधी माहीत होता म्हणून. रंजकांवर चालणाऱ्या बहुतेक शाई अशाच असतात, कारण रंजक पाण्यात विरघळलेले असते, काजळासारखे कणांच्या रूपाने कागदात रुतून बसत नाही. काजळाची शाई टिकते, पण ती साध्या फाउंटन पेनात भरली तर निबेखालची जीभ कायमची चोंदते. भडक रंजके उन्हातही फिकी पडतात. तेव्हा सही, धनादेश, पाकिटावरचा पत्ता, आणि पुढच्या पिढीसाठी ठेवायचे काहीही, यांसाठी ही शाई वापरू नये. माझी टिपणे तशीही तात्पुरतीच असतात: शंका फिटली की अंतिम प्रत काळ्या शाईत लिहिली जाते. याच गुणामुळे पेन धुणे सोपे जाते. दोन-तीनदा साधे पाणी ओढून सोडले की निब स्वच्छ होते, आणि बोटांवरचा रंग साबणाने दुसऱ्या दिवशीपर्यंत जातो. टोपण न लावता पेन पाच मिनिटे पडून राहिले तरी पहिल्या अक्षरापासून चालते, हे शिकवताना फार सोयीचे आहे, कारण बोलता बोलता पेन हातात तसेच राहते.

किंमत हा शेवटचा विषय, आणि तो टाळता येणार नाही. या एका बाटलीच्या पैशांत साध्या देशी शाईच्या बाटल्या डझनांनी येतील. रावपुऱ्यातल्या ज्या दुकानातून मी वह्या घेते तिथे ती ठेवत नाहीत, म्हणून मागवून घ्यावी लागली. पण हिशेब पुढचा आहे. माझ्या पेनात एका वेळी पाऊण मिलिलिटरच्या आसपास शाई मावते, म्हणजे ५० मिलिलिटरमधून साठ-पासष्ट भरण्या होतात. समासातल्या टिपणांपुरते लिहिले तर एक भरणी मला पंधरवडाभर पुरते. या वेगाने ही बाटली दोन वर्षांहून अधिक जाईल. केवळ रंग पाहायचा असेल त्यांनी ५० मिलिलिटर घेण्याचे कारण नाही. याच मालिकेत १५ मिलिलिटरच्या लहान बाटल्याही निघतात आणि पहिल्या ओळखीला त्या पुरेशा आहेत. रोज पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी, किंवा एकच पेन बाळगून त्याच पेनाने कचेरीचे कामही करणाऱ्यांनी, ती घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन. शिक्षकांनी, मुद्रिते तपासणाऱ्यांनी, आणि जुने कागद लावत बसणाऱ्यांनी मध्यम निबेच्या वेगळ्या पेनात भरून ती अवश्य वापरून पाहावी.

नानांनी आपल्यासाठी लहान बाटली मागवायला सांगितली आहे. त्यांच्या घरच्या १८ ओळींच्या एका पत्रात चौथ्या ओळीतला एक शब्द आम्हा दोघांनाही लागलेला नाही, आणि त्याभोवतीचे माझे केशरी वर्तुळ तूर्त तसेच आहे.